पाठीमागचे हात

त्या पावसाळ्यात आमच्या घरात धान्यापेक्षा कागद जास्त होते. मॅट्रिकच्या वह्यांची उरलेली पानं, कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी, वाण्याकडून मागून आणलेले बदामी कागद, सगळे मी आकाराप्रमाणं लावून फळीवर ठेवले होते. ही व्यवस्थेची सवय मला कुणी लावली नाही, ती जन्माचीच. पुढं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक म्हणून मी तीस वर्षं याद्यांवरच काढली. पण माझ्या आयुष्यातल्या पहिल्या चौदा याद्या त्या पावसाळ्यातल्या, आणि त्यांच्याइतकं मोठं काम माझ्या हातून नंतर झालं नाही.

आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून पेन्शन घेऊन आले त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. त्यांच्या काळ्या ट्रंकेत दोन गणवेश, एक क्लॅरिनेट, सूर लिहायला पाच-पाच रेघा आखलेल्या कागदांचा गठ्ठा आणि बँडला ताल दाखवायची एक पांढरी छडी होती. मिसरूड फुटायच्या आधी ते बिगुल वाजवायला पलटणीत गेले, तिथंच वाचायला शिकले, आधी सूर आणि मग अक्षरं, आणि शेवटी साठ जणांच्या बँडपुढं उभे राहणारे हवालदार झाले. संचलनासाठी त्यांनी स्वतः धुना लिहिल्या. त्या वाजायच्या, साहेब लोक खूश व्हायचे, पण कागदावर नाव पलटणीचं असायचं. त्याची त्यांना खंत असावी असं मला कधी दिसलं नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "शालन, धून चालायला लागली की ती माझी कशी? ती पायांची."

आबा धून लिहायचे तेव्हा जवळ वाद्य घ्यायचे नाहीत. दुपारी जेवण झालं की उंबऱ्यापाशी पाट टाकून बसायचे, मांडीवर फळी, फळीवर कागद. उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर टक टक करत असायचा आणि पेन मात्र थांबलेलं. मग एकदम मान वर करून ते हसायचे, जणू कुणी समोरून आलं. आई आत भाकरी थापत असायची. तिच्या भाकरीचा आवाज आणि अंगठ्याचा आवाज जुळला नाही की ते म्हणायचे, "जरा दमानं थाप." आई चिडायची.

"आवं, भाकरी हाय ती. परेड न्हाई."

"तुझा ठेका बरा हाय, म्हणून सांगतो."

"मग माझं बी नाव लिवा त्या कागदावर."

आईचा या उद्योगावर राग होता, पण पितळेवर नव्हता. गावच्या वरातीच्या बँडची सगळी वाद्यं दर महिन्याला आमच्या परड्यात यायची. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन आई ती अशी घासायची की कोंबड्या त्यात आपली तोंडं बघायला थांबायच्या. वाजवणाऱ्यांना ती खर्डा-भाकरी आणि वर वाटीभर काकवी द्यायची. गोड आणि तिखट एकाच घासात खाऊन झाल्यावर धोंडिबाला हवा जास्त फुंकता येते, असं धोंडिबाच सांगायचा. धोंडिबा म्हणजे माण तालुक्याच्या बाजूनं मेंढरं घेऊन आलेला आणि इथंच राहिलेला अवाढव्य माणूस. अंगाभोवती गुंडाळून घ्यायचा सगळ्यात मोठा बाजा त्याच्याकडं होता. त्याला अक्षर येत नव्हतं आणि वीसच्या पुढं मोजताही येत नव्हतं.

हा बँड चौदा जणांचा. लग्नसराईत वराती वाजवायच्या, एरवी उसाच्या रानात कामं करायची. त्याचा म्होरक्या बाबूराव, क्लॅरिनेट वाजवायचा, काळासावळा, बारीक आणि जिभेचा तिखट. एकदा ऐकलेली चाल तो तशीच्या तशी वाजवून दाखवायचा. आबा त्यांच्यात जाऊन बसायला लागले आणि आमच्या घरात ठिणगी पडली. आप्पा, आबांचे थोरले भाऊ, आमच्या शेजारीच राहायचे. सगळ्या उसाची आणि गुऱ्हाळाची व्यवस्था त्यांच्याकडं. पलटणीत वाजवणं वेगळं आणि वरातीत वाजवणाऱ्यांच्या पंगतीला बसणं वेगळं, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. त्या मतात जातीचा भाग मोठा होता, हे आज लिहायला मला संकोच वाटत नाही. तेव्हा घरात कुणी तो शब्द उच्चारत नव्हतं.

आप्पांनी सातारला एका बँकेत आबांसाठी पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली. दारापाशी बंदूक घेऊन उभं राहायचं. आई राजी होती, कारण जागा कायमची होती. आबांनी एवढंच मागितलं की दिवाळीनंतर कारखान्याचं मोळीपूजन होऊ द्या. गळीत हंगामाच्या सुरुवातीला उसाची पहिली मोळी पुजून गव्हाणीत, म्हणजे ऊस यंत्राकडं नेणाऱ्या पट्ट्यावर टाकतात, तो समारंभ. नव्या कारखान्याच्या चेअरमनना स्वतःचा बँड हवा होता आणि त्या दिवशी ते आमचा ऐकणार होते.

"कारखान्यानं ठेवलं तर ठेवलं," आबा म्हणाले. "न्हाई ठेवलं तर सोमवारी सातारा. पुन्हा छडी हातात धरणार न्हाई."

"शबुद?" आप्पांनी विचारलं.

"शब्द."

आबांनी मोळीपूजनासाठी नवीन धून लिहायला घेतली. संचलनाची नव्हे. दहा-बारा मिनिटं चालणारी, चौदा जणांनी वेगवेगळं वाजवून एक होणारी. इथं अडचण आली. वरातीत सगळे एकच चाल वाजवत होते, आणि पाच रेघांचा कागद त्यांच्यातल्या एकालाही वाचता येत नव्हता. आबांनी एक संध्याकाळ फळ्यावर रेघा आखून शिकवून बघितलं. बाबूराव म्हणाला, "मास्तर, ही तारंवर बसल्याली चिमणी वाजवायची का खालची?" सगळे हसले, आबाही हसले, आणि फळा पुसला.

मग ते माझ्याकडं आले. "शालन, सुरांचं मी बघतो. तोंडानं गाऊन बसवतो त्यांच्यात. पण किती वाजवायचं आन किती गप बसायचं, ते ध्यानात ऱ्हात न्हाई त्यांच्या. तू कायतरी कर."

मी याद्या केल्या. प्रत्येकाची वेगळी. एका मोजाला, म्हणजे ठेक्याच्या एका फेरीला, एक गोल, वाजवायचा असेल तर शाईनं भरलेला, गप बसायचा असेल तर कोरा. आठ गोलांची एक ओळ. धोंडिबाला ओळींचाही घोटाळा व्हायला लागला, म्हणून त्याच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला मी एक जनावर काढलं. तो मेंढी संपली की बैलावर यायचा, बैल संपला की कोंबड्यावर. आबा त्यांच्या कागदावरून सांगायचे आणि मी गोल काढायचे. चौदा याद्या तीनदा लिहिल्या, कारण ते सारखे बदल करायचे. शेवटी शेवटी कुणाची तिसऱ्या पानावरची पाचवी ओळ काय आहे, हे मला न बघता सांगता यायचं. फक्त ते सगळं मिळून काय आहे, याची मला काडीची कल्पना नव्हती.

आणि कुणालाच नव्हती. तालीम गुऱ्हाळात व्हायची. हंगाम नसल्यामुळं ते रिकामं होतं, आणि शब्द झाला होता म्हणून आप्पांनी अडवलं नाही; पत्र्याखाली रस आटवायच्या काहिली पालथ्या पडलेल्या, भिंतींना गेल्या वर्षीच्या गुळाचा वास. पण चौदाच्या चौदा जण एका वेळी कधी आलेच नाहीत. कुणाची पाण्याची पाळी, कुणाची भांगलण, कुणाची म्हैस व्यायलेली. क्लॅरिनेटवाले सोमवारी, कर्णेवाले बुधवारी, धोंडिबा आणि ढोलवाले बाजार सोडून कधीही. आबा प्रत्येक गटापुढं तेवढ्याच गांभीर्यानं उभे राहायचे. पहिल्या दिवशी ते छडी घेऊन उभे राहिले तर बाबूराव म्हणाला, "मास्तर, काडीनं बैल हाकायचं का आमाला? आमी वाजवताना डोळं मिटतो. काडी बघणार कोण?"

आबांनी छडी ट्रंकेत टाकली आणि बोटं वापरायला सुरुवात केली. हाताची पाच बोटं वाटून दिली. अंगठा धोंडिबाचा. पहिलं बोट क्लॅरिनेटचं, मधलं कर्ण्यांचं, त्याच्या शेजारचं मधल्या बाजांचं, करंगळी ढोलताशांची. बोट उचललं की सुरू, वाकवलं की हळू, मिटलं की गप. सगळी मूठ मिटली की सगळे गप. पंधरा दिवसांत डोळे मिटून वाजवणारी माणसं आपापल्या बोटाकडं अशी बघायला लागली, जशी गाय धार काढणाऱ्याच्या हाताकडं बघते. बाबूराव तेवढा कुरकुरत राहिला. "वाजवणार आमी, आन बोटं ह्यांची," हे त्याचं रोजचं वाक्य.

याद्या तिसऱ्यांदा लिहून झाल्यावर मी त्या एकाखाली एक ठेवून तपासल्या. ते माझं मीच ठरवलेलं काम. तेव्हा एक चूक सापडली. अकराव्या ओळीच्या मधोमध चार मोज असे होते की चौदाही जणांचे गोल कोरे होते. मी आबांना दाखवलं.

"आबा, हितं कुणाचं तरी राहिलंय. सगळीच गप हायत."

"राहिलं न्हाई."

"मग चार मोज कोण वाजवतंय?"

त्यांनी त्या कोऱ्या गोलांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तू लिव्हलंयस तसंच असू दे," आणि अंगठ्यानं ठेका धरून परत उंबऱ्यावर जाऊन बसले. मला उत्तर मिळालं नाही आणि चूक हातातून सुटल्यासारखं वाटत राहिलं. अजूनही, हिशेब जुळला आणि कारण कळलं नाही की मला तसंच वाटतं.

मोळीपूजनाच्या दिवशी आम्ही सगळे बैलगाडीतून गेलो. आई नवं लुगडं नेसली होती, पण मनानं ती सोमवारच्या सातारला पोचली होती. आप्पा पुढच्या गाडीत, फेट्यात. कारखान्याच्या आवारात मंडप, मंडपात हार घातलेला देवाचा फोटो, त्याच्यापुढं उसाची मोळी आणि पाहुण्यांच्या खुर्च्या. समोर पंचवीस पावलांवर आमच्या चौदा जणांची बाकं. फाटकाबाहेर उसानं भरलेल्या गाड्यांची रांग पार ओढ्यापर्यंत गेलेली. बैल जुंपलेलेच, गळ्यात घुंगरांच्या माळा. मी याद्या वाटल्या आणि धोंडिबाच्या यादीची एक प्रत हातात धरून त्याच्या मागं उभी राहिले, कारण कोंबड्यावरून पुढं उडी मारायची सवय त्यालाच होती.

आबा गणवेशात आले. बाकांपुढं उभे राहिले, आमच्याकडं तोंड करून, हात वर केले. आणि मंडपातून आप्पांचा आवाज आला.

"यशवंता! आरं देवाकडं पाठ करून हुबा ऱ्हातूस व्हय?"

सगळा मंडप बघायला लागला. आमच्याकडं देवळातूनही माणूस पाठ न वळवता, मागं मागं चालत बाहेर पडतो. आप्पांनी ते भावाला अडवायला म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखरच ते सहन झालं नव्हतं. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "चेरमनकडं बी पाठच हाय की." कुणीतरी हसलं. बाकं फिरवायला वेळ नव्हता, मुहूर्त जवळ आला होता.

आबांनी हुज्जत घातली नाही. त्यांनी टाच वळवली आणि देवाकडं तोंड करून उभे राहिले. आता आम्हाला त्यांची पाठ. बाबूरावानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. "झालं," तो पुटपुटला. "बोटंच गेली."

आबांनी पाय फाकवले, ताठ उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागं घेतले. सैनिक विश्राममध्ये उभा राहतो तसे. मंडपातल्या लोकांना एक शिस्तीचा हवालदार शांत उभा दिसत होता. आम्हाला त्यांच्या कमरेशी, डाव्या हाताच्या तळव्यात ठेवलेला उजवा हात दिसत होता. त्याचा अंगठा हलला आणि वर झाला.

धोंडिबानं फुंकलं. इतका खोल सूर की बाकाखालची माती थरथरली असं वाटलं. मेंढीची ओळ संपता संपता करंगळी हलली आणि ढोल आला, दुरून पाण्याच्या मोटारीचा आवाज यावा तसा. मग पहिलं बोट. मी गोल मोजत होते, सवयीनं, आणि कुठल्यातरी ओळीवर माझं मोजणं सुटलं. मला प्रत्येकाची यादी पाठ होती. बाबूरावाची चाल मी सोमवारी ऐकली होती, कर्ण्यांची बुधवारी. पण बाबूरावाची चाल धोंडिबाच्या सुरावर उभी राहते तेव्हा ती दुसरीच होते, आणि मधून कर्णे आले की ती दोघं आधीपासून त्यांचीच वाट बघत होती असं कळतं, हे कुठल्याही यादीत नव्हतं. ते सगळं पावसाळाभर या एका माणसाच्या डोक्यात वाजत होतं. उंबऱ्यावर बसून ते ज्याला बघून हसत होते, ते हे होतं. भाकरी थापणाऱ्या आईला मधेच "दमानं" म्हणणारा माणूस मला माहीत होता, हा मला माहीत नव्हता.

अकरावी ओळ आली. पाठीमागची बोटं एकदम मिटली. चौदा जण गप.

आणि त्या शांततेत फाटकाबाहेरून घुंगरं ऐकू आली. रांगेतले बैल माना हलवत होते, शेकडो माळा, जवळच्या मोठ्यानं, ओढ्याकडच्या बारीक. ती सकाळपासून वाजतच होती, कुणी ऐकली नव्हती. चार मोज. मग बोटं उघडली आणि बँड त्या घुंगरांच्याच ठेक्यावर पुढं निघाला.

संपल्यावर टाळ्या भरपूर पडल्या. चेअरमन उठून आले. धिप्पाड माणूस, मोकळं बोलणारा. "हवालदार, पोरं झ्याक वाजवत्यात. ह्यास्नी आमी ठिवणार. पण एक सांगा, तुमी नुसतंच हुबं हुता. ह्यास्नी मास्तर कशाला पायजे?"

पाहुणे हसले. आबा एवढंच म्हणाले, "जी." स्वतःबद्दल बोलायचं त्यांना पलटणीनं शिकवलं नव्हतं. बायकांच्या घोळक्यातून आई माझ्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत आता सुटकेचं काही नव्हतं; मला वाटतं, सातारा तिलाही त्या क्षणी नको झालं होतं. बँड राहणार होता आणि आबा दारापाशी बंदूक घेऊन उभे राहणार होते.

उठला तो बाबूराव. "चेरमनसायेब, जरा हिकडं येता का? आमच्यात."

"मी? मला वाजवाय लावतूस का रं?"

"न्हाई जी. हितं धोंडिबाच्या मागं, ह्या पोरीशेजारी हुबं ऱ्हावा. आन मास्तरांच्या पाठीकडं बघा." मग आबांना म्हणाला, "मास्तर, पयल्यापास्नं."

चेअरमन बाकांमधून वाट काढत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आबांनी हात पाठीमागं घेतले. अंगठा वर झाला. पहिल्या दोन ओळी चेअरमन हसत होते. मग त्यांच्या लक्षात आलं की बोट वाकलं की डावीकडचे सगळे एकदम हळू होतात. तिसऱ्या ओळीला त्यांचं हसणं थांबलं. माझ्या हातातला कागद त्यांनी हळूच ओढून घेतला, गोलांकडं बघितलं, बोटांकडं बघितलं. अकरावी ओळ आली, मूठ मिटली, घुंगरं वाजली आणि त्या शांततेत चेअरमनचा आवाज सगळ्या मंडपाला ऐकू गेला.

"आयला!"

मी मोजलं. चार मोज झाले. मूठ उघडली नाही. पाच, सहा. आप्पा खुर्चीवरून उठून आबांकडं चालत येत होते आणि आबा त्यांना बघत होते. नऊ, दहा. धोंडिबाचे गाल भरलेले, डोळे बाहेर आलेले, पण त्यानं फुंक सोडली नाही. आप्पा भावासमोर उभे राहिले. त्यांनी वाकून पाठीमागची मूठ बघितली. बराच वेळ बघितली.

"देवाला हात जोड," ते म्हणाले, "आन फीर तिकडं. हे चोरून करायचं काम न्हाई."

आबांनी डाव्या हातानंच देवाला नमस्कार केला, कारण उजवी मूठ अजून मिटलेली होती. मग ते आमच्याकडं वळले. धून चालू असताना चौदाही जणांकडं तोंड करून ते पहिल्यांदाच उभे होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते हसत होते, अगदी उंबऱ्यावर हसायचे तसे. त्यांनी मूठ उघडली.

सोमवारी सातारला आप्पा गेले, जागा नको म्हणून सांगायला. आबांनी तो बँड पुढं अनेक वर्षं चालवला, कितीतरी धुना लिहिल्या, आणि आमच्या आणि शेजारच्या अशा दोन्ही जिल्ह्यांतून बोलावणी आली. आता कागदावर नाव त्यांचं असायचं. ते सगळं मी वेगळं नोंदवून ठेवलं आहे.

मोळीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी फळीवरून एक कोरा कागद घेतला आणि पंधरावी यादी केली. सगळे गोल कोरे, फक्त अकराव्या ओळीत चार भरलेले. वर नाव लिहिलं, बैल. यादी घेऊन उंबऱ्यावर गेले. आबांनी ती नीट तपासली, पेन मागून घेतलं, माझे चारही भरलेले गोल एका रेघेनं जोडले आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात लिहिलं: मूठ उघडेपर्यंत.